बोल्ट सोडण्याआधी, सेल मारण्याआधी

(सोलापूरच्या पूर्व भागात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यातल्या कितीतरी घरांत माग चालले आहेत, त्यामुळे तेलाची जागा म्हणजे काय हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. क्रँकला, बेअरिंगला तेल नसेल तर माग खडखडतो आणि तेच तेल सुतावर पडलं तर चादर डागी निघते. स्कूटरचंही असंच आहे. तिच्या पोटात दोन-तीन तऱ्हेचे द्रव असतात. प्रत्येकाची जागा ठरलेली, माप ठरलेलं.

मी बरीच वर्षं दुचाकी दुरुस्त करतो आहे. घरी स्वतःच्या हातानं ऑइल बदलणाऱ्याला मी कधीच अडवत नाही. आपली गाडी आपल्याला कळावी, याच्यासारखं चांगलं काही नाही. मात्र गॅरेजात ढकलत आणलेल्या गाड्या पाहून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. चुकीचं तेल ओतलं गेलं, चुकीचा बोल्ट सोडला गेला, तरी गाडी उभी आहे तोवर नुकसान फारसं नसतं. ‘बघू तरी काय होतंय’ म्हणून सेल मारला, म्हणजे बटण दाबून इंजिन चालू केलं, की खरा खर्च सुरू होतो.

आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकांचं उदाहरण सांगतो. रविवारी सकाळी त्यांनी स्कूटर डबल स्टँडवर लावली, खाली परात ठेवली आणि मागच्या चाकाजवळचा बोल्ट सोडला. तेल आलं जेमतेम अर्धा कप. त्यांना वाटलं, इंजिननं सगळं तेल खाल्लं! बोल्ट बसवला आणि डिपस्टिकच्या, म्हणजे इंजिनातलं तेल बघायच्या काठीच्या, भोकातून नवीन पुडक्यातलं सातशे मिली तेल ओतून मोकळे झाले. तिथून थेट कुटुंबासह तुळजापूर. घाटात सायलेन्सरमधून पांढरा धूर, मागच्या चाकातून शिट्टीसारखा आवाज. त्यांनी सोडलेला बोल्ट गिअर ऑइलचा होता. गिअर कोरडे राहिले आणि इंजिनात तेल जवळपास दुप्पट झालं.

आता हे ओळखायचं कसं? तेल किती बाहेर आलं, त्यावरून. गिअरलेस, म्हणजे हातानं गिअर बदलावे न लागणाऱ्या, स्कूटरच्या इंजिनातून साधारण सहाशे ते आठशे मिली तेल निघतं, मागच्या गिअरच्या पेटीतून शंभर-सव्वाशे मिली. म्हणून जुनं तेल परातीत सोडू नका, माप असलेल्या भांड्यात घ्या. थोडंच आलं तर हात थांबवा, आपण कुठला बोल्ट सोडलाय ते वाकून पाहा. गुरुजींनी त्या वेळी गाडी तशीच उभी ठेवली असती, तर दोन्हीकडचं तेल सोडून मापानं पुन्हा भरणं एवढंच काम होतं. पुढं त्यांना गिअरचं बेअरिंग बदलावं लागलं. एअर फिल्टरही तेलानं भिजला होता, कारण इंजिनात तेल जास्त झालं की ते घुसळतं, फेसाळतं आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून तिकडं जातं.

गिअरच्या पेटीत तेल जास्त भरणंही वाईट. चाकाच्या सीलमधून ते मागच्या ड्रममध्ये उतरतं, ब्रेकचे शू तेलकट होतात. असे शू पेट्रोलनं पुसून परत बसवू नका. तेल त्यांच्या अंगात मुरलेलं असतं, ते बदलावेच लागतात. सीलही नवं हवं.

लेव्हल पाहताना होणारी चूक तर घरोघरी आहे. गाडी साइड स्टँडवर, रस्ता उताराचा, काठी काढून पाहिली तर तेल कमी दिसतं आणि माणूस शंभर मिली ओततो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. सपाट जागी, डबल स्टँडवर, इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा आणि तेल खाली उतरायला दोन-तीन मिनिटं द्या. काठी पुसून आत घालून बघा. बऱ्याच गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, काहींत फिरवायची. गाडीच्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं. जास्त भरलंच असेल तर सिरिंजला बारीक नळी लावून त्याच भोकातून थोडं थोडं ओढून काढा.

‘सोलापूरचा उन्हाळा, पारा बेचाळीसच्या वर, तर जाड तेल टाकू का?’ असं मला दरवर्षी विचारतात. नका टाकू. डब्यावर तेलाचा घट्टपणा 10W-30 असा लिहिलेला असतो, त्यातला 30 हा आकडा तेल शंभर अंश तापल्यावर किती घट्ट राहतं ते सांगतो. आपल्या उन्हापेक्षा इंजिन कितीतरी जास्त तापतं आणि तेल त्या हिशोबानंच ठरवलेलं असतं. डब्यावर दुसरी खूण पाहा. MB म्हणजे स्कूटरचं, MA म्हणजे मोटरसायकलचं. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, मोटरसायकलचा तेलात बुडलेला. घरात दोन्ही गाड्या असतील आणि MB चं पुडकं मोटरसायकलमध्ये गेलं तर क्लच घसरायला लागतो.

बोल्टाबद्दल कळकळीनं सांगतो. इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं आहे. लांब पाना घेऊन पाय देऊन आवळलं की आटे जातात. बोल्टाखालचा वायसर दर वेळी नवा घाला, तो दबून तेल अडवतो. आटे गेलेच तर टेप गुंडाळून, एम-सील लावून चालवू नका. रस्त्यात बोल्ट पडला तर मागच्या चाकाखाली तेल येतं, आणि गाडीवर बहुधा पोरं बसलेली असतात.

ब्रेक ऑइलला आपण ‘ऑइल’ म्हणतो, तिथंच घोटाळा होतो. डिस्क ब्रेकच्या डबीत DOT 3 किंवा DOT 4 प्रतीचं ब्रेकचं द्रव लागतं, झाकणावर लिहिलेलं असतं. त्यात इंजिन ऑइल गेलं तर आतले रबर फुगतात, ब्रेक धरून बसतो किंवा लागतच नाही. असं झालं तर लीव्हर दाबू नका, म्हणजे ते तेल पुढं नळीत जाणार नाही. वरचं सिरिंजनं काढा आणि गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवा. लीव्हर दाबला गेला असेल तर रबराचे सगळे भाग बदलायचे. तिथं पैसे वाचवू नका, मालक, तो ब्रेक आहे. आणखी एक, हे द्रव हवेतलं पाणी ओढतं. नवीन DOT 4 किमान 230 अंशांना उकळतं, पाणी मुरलं की ती हद्द 155 पर्यंत उतरू शकते. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरायची नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग सोलून निघतो. डबीतली पातळी उतरली तर आधी पॅड किती झिजलेत ते बघा.

ज्येष्ठ मंडळींना एक विनंती. तुम्ही दोन स्ट्रोकची चेतक चालवली, पेट्रोलमध्ये तेल मिसळायची सवय हाताला आहे. आजच्या चार स्ट्रोक स्कूटरच्या टाकीत एक थेंबही तेल घालू नका, प्लग काळा पडतो. आणि टाकीत चुकून डिझेल गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच पंप ते पुढं ढकलतो. गाडी ढकलत बाजूला घ्या, टाकी रिकामी करा.

बॅटरीत पाणी घालायची सोय असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. आपल्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरे थर बसतात, ते बॅटरीत कशाला? यातलं कुठलंही द्रव पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून मात्र कधीही ठेवू नका. घरात लहान मुलं असतात. जुनं तेल कॅनमध्ये साठवून गॅरेजला द्या, गटारीत सोडू नका.

बोलणं पुरे. खाली अंगणात माझी स्कूटर डबल स्टँडवर लावली आहे, इंजिन कोमट आहे. कोणतेही दोघं पुढं या. एकानं इंजिनचा बोल्ट दाखवायचा, दुसऱ्यानं गिअरचा. नंतर सोडू, आणि मापाचं भांडं धरायला कुणीतरी तिसरा या.