बातमीच्या शेवटी छापलेल्या वेळा

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी २०१५. कॅलिफोर्नियात २२ वर्षांची एक मुलगी ऑफिसात बसून फोनवर बातम्या चाळत होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात एक तरुणी बेशुद्ध सापडल्याची बातमी समोर आली. तिचे केस कसे विस्कटले होते, गळ्यातली माळ कशी गुंडाळली गेली होती, कपडे कुठवर ओढलेले होते, सगळं लिहिलेलं होतं. वाचता वाचता तिला कळलं की ही तरुणी आपणच. काही दिवसांपूर्वी ती हॉस्पिटलात जागी झाली होती. नक्की काय घडलं हे तोवर तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आणि बातमीच्या तळाशी काय होतं? पकडलेल्या मुलाच्या पोहण्याच्या वेळा. किती अंतर, किती मिनिटं, किती सेकंद.

मी ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या ओळीपाशी अडकले, आणि आजही अडकते.

मुलगा होता ब्रॉक टर्नर. ओहायो राज्यातून आलेला, १९ वर्षांचा, पोहण्याच्या संघातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. १७ जानेवारीच्या रात्री आवारातल्या एका वसतिगृहात पार्टी होती. मध्यरात्रीनंतर सायकलवरून जाणाऱ्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांना कचऱ्याच्या मोठ्या पेटीमागे तो एका मुलीच्या अंगावर दिसला. मुलगी हलत नव्हती. त्यांनी हटकताच तो पळाला. त्यांनी पाठलाग करून त्याला पाडलं आणि पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं.

हॉस्पिटलात तिच्या अंगावरच्या ओरखड्यांना फुटपट्टी लावून फोटो काढले गेले. केसांत पाइनच्या सुया अडकल्या होत्या. दोन नर्स आणि ती स्वतः, अशा तिघींनी मिळून त्या विंचरून काढल्या. सहा हात आणि कागदाची एक पिशवी, असं तिनं पुढे लिहिलं आहे.

मार्च २०१६ मध्ये ज्युरीनं, म्हणजे निवाडा करणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळानं, टर्नरला लैंगिक अत्याचाराच्या तिन्ही गुन्ह्यांत दोषी ठरवलं. कमाल शिक्षा १४ वर्षं होऊ शकत होती, सरकारी वकिलांनी सहा मागितली. २ जूनला न्यायाधीश एरन पर्स्की यांनी दिली सहा महिन्यांची, तीही जिल्ह्याच्या तुरुंगात, वर तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली राहणं. लैंगिक गुन्हेगार म्हणून जन्मभराची नोंदणी मात्र झाली. मोठ्या तुरुंगात पाठवलं तर या मुलावर फार गंभीर परिणाम होईल, असं न्यायाधीशांचं म्हणणं. वडिलांनीही कोर्टाला पत्र लिहिलं होतं, की वीस वर्षांच्या आयुष्यातल्या वीस मिनिटांसाठी ही फार मोठी किंमत आहे. सहा महिन्यांतले तीन भोगून २ सप्टेंबरला तो बाहेर आला.

तिनं कोर्टात वाचलेलं निवेदन दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर आलं आणि लाखो लोकांनी वाचलं. अमेरिकी संसदेच्या सभागृहातही ते वाचलं गेलं. त्यात उलटतपासणीत तिला काय काय विचारलं याची यादीच आहे. वजन किती? त्या दिवशी काय खाल्लंस? रात्रीचं जेवण कुणी केलं होतं? जेवताना प्यायलीस का? अंगात काय घातलं होतंस? मित्राशी नातं गंभीर आहे का? शुद्ध हरपलेल्या माणसाचं जेवण कुणी रांधलं, याचा गुन्ह्याशी काय संबंध, हे मला आजवर समजलेलं नाही. टर्नरनं दारूकडे, कॉलेजातल्या पिण्याच्या वातावरणाकडे बोट दाखवलं. तिचं उत्तर साधं होतं. प्यायलो तर आम्ही दोघंही होतो.

मी महाविद्यालयात शिकवते. हा खटला वर्गात सांगितला की हमखास एक मुलगा उठतो. मागे एकानं अगदी मनापासून विचारलं, "पण मॅडम, एका रात्रीपायी अख्खं करिअर?" तो वाईट मुलगा नव्हता. पण त्याला करिअर दिसत होतं ते एकाचंच. मी त्याला विचारलं, तिची नोकरी कोणती होती, सांग बरं? त्याला सांगता आलं नाही, आणि त्यात त्याचा काय दोष? तेवढं मीही सांगितलं नव्हतं.

कायद्याचीही एक गंमत नव्हे, विटंबना बघा. कॅलिफोर्नियात तेव्हा बळजबरी केलेल्या काही लैंगिक गुन्ह्यांत तुरुंगवास सक्तीचा होता. बेशुद्ध बाईवर बळ लागतच नाही, म्हणून तिथे प्रोबेशनची वाट मोकळी राहिली. शिवाय जे घडलं त्याला तिथल्या व्याख्येप्रमाणे बलात्कार म्हणताच येत नव्हतं. आपल्याकडे ही व्याख्या २०१३ मध्येच रुंदावली, आणि नशेमुळे काय चाललंय हे ज्या बाईला उमगत नाही तिची संमती आपला कायदा संमती धरत नाही. कॅलिफोर्नियानं या खटल्यानंतर, सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस, दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या.

मग वाद पेटला तो न्यायाधीशांवरून. तिथे न्यायाधीशाला मतदार परत बोलावू शकतात, म्हणजे मतदान करून पदावरून काढू शकतात. स्टॅनफर्डमधल्याच कायद्याच्या प्राध्यापक मिशेल डॉबर यांनी मोहीम उभी केली. न्यायाधीशांच्या वर्तनावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगानं पर्स्की यांना निर्दोष ठरवलं होतं. तरीही ५ जून २०१८ रोजी सुमारे ६० टक्के मतदारांनी त्यांना घरी पाठवलं. १९३२ नंतर त्या राज्यात असं पहिल्यांदाच झालं. विरोधात उभे राहिलेले लोकही हलके नव्हते. गरिबांचे खटले लढवणारे सरकारी बचाव वकील त्यांत होते. ते म्हणत, न्यायाधीश मतदारांना घाबरून कडक शिक्षा द्यायला लागले तर त्या शिक्षा स्टॅनफर्डच्या गोऱ्या मुलाला होणार नाहीत. होतील त्या काळ्या आणि लॅटिनो पोरांना, ज्यांना चांगला वकीलसुद्धा परवडत नाही.

ही भीती मला खरी वाटते. न्यायाधीशानं मतपेटीकडे बघत निकाल द्यावा, हे मला पटत नाही. पण मतदारांचा संताप बिनबुडाचा होता असंही मी म्हणणार नाही. तोच कनवाळूपणा पोहता न येणाऱ्या, गरीब घरच्या १९ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आला असता का? मला नाही वाटत. आणि बारा ज्युरींनी एकमतानं जे ठरवलं त्याचं वजन शिक्षेच्या दिवशी असं उतरलं, हे मला अजूनही टोचतं.

सप्टेंबर २०१९ पर्यंत जग तिला एमिली डो या टोपणनावानं ओळखत होतं. मग ती स्वतःहून पुढे आली. शनेल मिलर. लेखिका आणि चित्रकार.

त्या खटल्याच्या काळात, या गोष्टीत नायकही आहेत हे स्वतःला आठवत राहावं म्हणून तिनं पलंगाच्या वर एक चित्र चिकटवलं होतं. तिनं स्वतः काढलेलं. दोन सायकली.