दुसऱ्या दिवसाची प्रीती

(भायखळ्याच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात दिलेलं व्याख्यान, संपादित)

पाळकसाहेब, वडीलजन आणि माझ्या भावाबहिणींनो, सलाम.

मला विषय दिलाय ‘विश्वासाचं नवीकरण आणि निःस्वार्थ प्रीती’. त्याकडे येतेच. पण आधी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात जाऊ. येशूनं सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला. तुम्हाला पाठ आहे, ठाऊक आहे मला. शब्बाथशाळेच्या नाटकात लुटारू व्हायला मुलांची झुंबड उडते आणि याजक व्हायला एकही पोरगं तयार नसतं! (हशा) हसा, पण मुलांना बरोबर कळलेलं असतं.

यरुशलेमेहून यरीहोला उतरणारी ती वाट. लुटारूंनी मारल्यानं अर्धमेला पडलेला माणूस. याजक त्याला बघून बाजूनं निघून जातो. यहूदी ज्याला परका मानत तो शोमरोनी मात्र थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो. आपले बरेचसे उपदेश इथेच आटोपतात. माझा सगळा जन्म नर्स म्हणून वॉर्डात गेला, त्यामुळे माझं लक्ष पस्तिसाव्या वचनावर अडतं. ‘दुसऱ्या दिवशी’ असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

पहिल्या दिवशी पट्टी बांधायला हात पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी ती सोडायची वेळ येते, तेव्हा गॉज जखमेला चिकटलेला असतो. सलाइननं भिजवायचा, थांबायचं, एका कडेनं हळूहळू सोडवायचा. वास येतो. पेशंट हात झटकतो, कधी शिवीही घालतो. आदल्या रात्री वॉर्डाबाहेर गर्दी करणारी माणसं तोवर पांगलेली असतात. जखम भरते ती मात्र या रोजच्या ड्रेसिंगनं.

आता शोमरोन्याचा हिशेब बघा. त्यानं उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार ठरते, म्हणजे हा दोन दिवसांचा रोज झाला. वर म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देतो. त्यानं आपलं काम सोडलेलं नाही, तो पुढच्या प्रवासाला गेलाच. पण परतीची वाट त्यानं त्या माणसावरून आखली. मला या दाखल्यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे परत येणं. ज्यांना सकाळी सात-बाविसची लोकल पकडायची असते, त्यांनाही ते जमण्यासारखं आहे, म्हणून तर ते आपल्यासाठी आहे.

माझी तक्रार आता ऐकाच. मुंबईतल्याच एका मंडळीतल्या आजी, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, लिफ्ट नाही. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पहिल्या आठवड्यात सगळी मंडळी लोटली. प्रार्थना झाल्या, ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक उघडून गाणी झाली, एकाच दुपारी शहाळी आली, सफरचंदं आली. आजींना साखरेचा आजार. त्यांनी ती फ्रिजवर ओळीनं मांडून ठेवली. मी महिन्याभरानं गेले तर तिथल्या तिथे सुरकुतलेली. ‘कोण आलं होतं हल्ली?’ विचारलं, तर म्हणाल्या, ‘तूच.’ त्यांना कुणीतरी वॉकर धरून दारापर्यंत चालवायला हवं होतं, कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्या आणून द्यायला हवं होतं, नखं कापून द्यायला हवी होती. पायाची नखं! योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांच्या पायांशी बसतो तो कशासाठी? आणि मंडळीला आजींचा राग नव्हता हो. सगळी प्रेमळ माणसं. त्या मंडळीत त्याच वर्षी विश्वास नव्यानं जागवणाऱ्या संजीवन सभाही झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं, हात वर झाले. आजी मात्र खिडकीशीच. मला हे आजही सोसत नाही.

टाटा रुग्णालयाबाहेर परळच्या फूटपाथवर गावाकडून आलेल्या नातेवाइकांना आपण डबे वाटतो. चांगलंच आहे, वाटावेत. पण त्यातल्या एकाला तरी पुढच्या तारखेला आपण नावानं ओळखतो का? लूकच्याच चौदाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, परतफेड करू न शकणाऱ्यांना जेवायला बोलवा. म्हणजे त्यांच्यासोबत बसायचं आलं, नुसता डबा हातात देऊन…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय झटपट घेते.

बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, त्याचा दुसरा अध्याय काढा. इफिस शहरातली मंडळी श्रमाळू, धीराची, शिकवणीत पक्की, पण तिनं पहिली प्रीती सोडली. उपाय काय सांगितलाय? आठव, पश्चात्ताप कर आणि पहिली कृत्यं कर. गेलेली ऊब परत येईपर्यंत वाट बघ, असं तिथे नाही. हात आधी कामाला लागतात, मन त्यांच्या मागून येतं. विझू आलेला विश्वास मी असाच पेटताना पाहिलाय.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरातली दोन माणसं घ्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला, पण ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर भेटला, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. ती भेट पुढे 1896-97च्या दुष्काळात त्यांना मध्य प्रांतात घेऊन गेली; उपाशी मुली त्यांनी पुण्याजवळ केडगावला आणल्या आणि वर्षानुवर्षं सांभाळल्या. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा, इथे मुंबईतच. 1917 साली, पन्नाशी उलटल्यावर, मिशनचं पगारी काम सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी. दोघांचंही नवीकरण बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं. तेव्हा ‘आता या वयात काय’ हे मला कुणी सांगू नका.

प्रीतीवरचा, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय राहिला, रोमकरांस पत्राचा बारावाही. घरी वाचा.

दाराजवळ वही ठेवलीय. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची नावं महिला मंडळानं त्यात लिहिलीत. एका नावापुढे आपलं नाव आणि वार लिहा. वार नक्की लिहा. आपापल्या लोकलच्या लाइनीवरचं घर निवडा, म्हणजे जाणं टिकतं. हार्बरची नावं भरलीत, डोंबिवलीची दोन अजून रिकामी आहेत.