चांदोलीच्या खाली, राधानगरीच्या वर

(दृश्य : पाणवठ्याकडे उतरणारी पायवाट. वनरक्षक झाडाला कॅमेरा बांधतो आहे.)

निवेदन :

शिराळ्याचा उसाचा मुलूख मागे पडला, वारणावती गेली, की चांदोलीचं हे रान लागतं. वाघ मोजायचा, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आवळायचा. वाटेच्या पलीकडे दुसरा, पण जरा तिरका, नाहीतर फ्लॅश समोरासमोर येऊन फोटो पांढराफटक. दोन कशाला? वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्यासारखे नसतात. एकच बाजू मिळाली, तर एकाचे दोन वाघ मोजले जायचे. आता बघा, गडी स्वतः चार पायांवर रांगत कॅमेऱ्यापुढून जाईल. फोटो निघाला, तर काम फत्ते. पावसाळ्यात हेच करताना जळवा आधी हजेरी लावतात.

चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि साताऱ्यातलं कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ मात्र दुर्मीळच. मे २०१८ मध्ये एक कॅमेऱ्यात आला, पुढे डिसेंबर २०२३ मध्ये एक नर.

नरच का? वयात आलेला नर आईचा मुलूख सोडून लांब निघतो. मादी शक्यतो आईच्या शेजारीच ठाण मांडते. कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापासून तिळारी, राधानगरी करत जंगलांची साखळी इथवर येते खरी, पण तेवढं अंतर वाघीण चालून येईल म्हणून बसून राहिलो असतो, तर प्रकल्पाचं नुसतं नावच उरलं असतं. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणली.

(दृश्य : नकाशावर ठिपके.)

वाघिणीच्या गळ्यातली कॉलर उपग्रहामार्फत तिचा ठावठिकाणा कळवते. ठिपके एका जागी दोन-तीन दिवस दाटले, की समजायचं, शिकार झाली. ती तिथून हलली, की पथक जाऊन बघतं, सांबर होतं की गवा.

माझ्या मते खरी कसोटी चांदोलीत नाहीच, ती आंबा घाटाच्या आसपास आहे. इथं जंगलाचा पट्टा निमुळता होतो आणि मधून कोल्हापूर–रत्नागिरी रस्ता जातो. जनावर रस्ता कुठं ओलांडतं हे कळलं, तरच खालून वाट कुठं सोडायची आणि कुठल्या खासगी रानाला कुंपण पडू द्यायचं नाही, हे ठरवता येतं. आपल्याकडे रस्ता आधी होतो, अभ्यास मागून येतो. हे ठिपके वनखात्याच्या संगणकात पडून राहिले, तर काय उपयोग? निविदा निघायच्या आधी ते बांधकाम खात्याच्या आराखड्यावर यायला हवेत.