दोन मिनिटांत येत आहे

श्रोतेहो, नमस्कार.

आज वाट पाहण्याविषयी बोलू या. प्रेमातली नव्हे, ती पाहणाऱ्यांना माझ्या भाषणाची गरज नाही. मी म्हणतेय ती शहरातली रोजची, बिनकाव्याची वाट. फोन कानाला लावून, बसथांब्यावर मान वळवून, पडद्यावर गरगर फिरणाऱ्या चकतीकडे बघत पाहिलेली. यंत्रांनी आपला वेळ वाचवला असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण बऱ्याच ठिकाणी वाट पाहणं होतं तेवढंच राहिलंय. वाट पाहणाऱ्याला गप्प कसं बसवायचं, हे मात्र यंत्रं फार छान शिकली आहेत.

कुठल्याही मदत केंद्राला फोन लावून बघा. आधी भाषा निवडा. मग विषय निवडा. आपला विषय त्यांच्या यादीत कधीच नसतो, म्हणून 'इतर चौकशीसाठी नऊ दाबा'. नऊ दाबलं की भलामोठा खाते क्रमांक टाका, शेवटी हॅश दाबा. एवढे सोपस्कार करून हाडामांसाचा माणूस भेटतो, आणि त्याचा पहिला प्रश्न काय? 'आपला खाते क्रमांक सांगता का?' मघाशी बोटं मोडून टाकलेला क्रमांक कुठे गेला, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आणि मधल्या काळात तो गोड आवाज: 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' मधेच संगीत थांबतं. आला बाबा कुणीतरी, म्हणून आपण घसा खाकरतो, सावरून बसतो, 'हॅलो'तला 'हॅ' तोंडाशी येतो, आणि पुन्हा तोच आवाज! संगीत एक वेळ चालेल, पण ते असं मधेच थांबणं मला सगळ्यात क्रूर वाटतं. ताटकळणाऱ्याच्या कानात कार्यक्रम सोडायच्या यंत्रणेचं पेटंट अमेरिकेत १९६६ साली दिलं गेलं, म्हणजे हा छळ काही आजचा नाही.

या ताटकळण्याचं गणित तर त्याहून जुनं आहे. आग्नर क्रारुप एरलांग नावाचे एक डॅनिश गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. कंपनीपुढचा प्रश्न अगदी व्यवहारातला होता: एवढे लोक वाटेल तेव्हा फोन उचलतात, तर सगळ्यांना पुरायला किती लाइन हव्यात? एरलांग यांनी १९०९ मध्ये या फोन येण्याचं गणित मांडलं, १९१७ मध्ये वाट पाहण्याची सूत्रं दिली, आणि त्यातून रांगांचं एक शास्त्रच उभं राहिलं. टेलिफोनची वर्दळ मोजायच्या एककाला आजही 'एरलांग' म्हणतात.

ते शास्त्र काय सांगतं, ते एका खिडकीवर बघू. समजा, एका माणसाच्या कामाला सरासरी ५ मिनिटं लागतात. माणसं येतात ती आपल्या सवडीने, आणि कामही कुणाचं लहान, कुणाचं मोठं. खिडकीमागचा कर्मचारी ८० टक्के वेळ कामात असेल, तर आपला नंबर लागायला सरासरी २० मिनिटं जातात. तोच ९० टक्के वेळ कामात असला तर ४५ मिनिटं. आणि ९५ टक्के असला तर? ९५ मिनिटं. त्याच्याकडून थोडंसं जास्त काम करून घेतलं, आणि आपलं ताटकळणं जवळजवळ पाचपट झालं! कारण तो जरा तरी रिकामा असेल तरच अचानक आलेली गर्दी ओसरते. नाहीतर साचलेली रांग साचलेलीच राहते. तेव्हा 'आमच्याकडे एकही माणूस क्षणभर रिकामा नसतो' असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर समजून जायचं की ते रिकामपण आता आपल्या गळ्यात पडलेलं आहे.

माणसं वाढवायची म्हणजे खर्च आला. मग स्वस्तातला उपाय काय? १९८५ साली डेव्हिड मेस्टर या अभ्यासकांनी रांगेत उभ्या माणसाच्या मनाबद्दल एक निबंध लिहिला. रिकामा वेळ लांब वाटतो, किती थांबायचं ते माहीत नसलं की आणखी लांब, आणि का थांबायचं ते कळलं नाही की त्याहून लांब, असं त्यांचं निरीक्षण. त्याच वर्षी ब्रॅड मायर्स या संगणकाच्या अभ्यासकांनी संगणकाच्या पडद्यावरच्या त्या भरत जाणाऱ्या पट्टीचा अभ्यास मांडला. काम किती झालं हे दाखवणारी पट्टी लोकांना हवीशी वाटते, असं त्यांना दिसलं. हवीशी वाटणारच. पुढे काय झालं, ते आपण रोज बघतो: पट्टी सर्रास आली, खरेपणा मागे राहिला.

९९ टक्क्यांवर अडकलेली पट्टी कुणी पाहिलेली नाही? सरसर पुढे जाते, आपण खुर्ची सरकवून उठायच्या बेतात असतो, आणि ती तिथेच ठाण मांडते. ती बहुतेकदा काम मोजते, वेळ मोजतच नाही. शंभरातल्या नव्याण्णव फायली आल्या की ती ९९ दाखवून मोकळी, मग शेवटची फाइल बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठी का असेना. शिवाय सगळं उतरवून झाल्यावरची तपासणी, जागच्या जागी लिहिणं, जुनं पुसणं ही किचकट कामं कित्येकदा त्या शेवटच्या टक्क्यातच कोंबलेली असतात. 'निघालोच, रस्त्यात आहे' असं फोनवर सांगणाऱ्या मित्राची अजून आंघोळ व्हायची असते, तसलं हे ९९ टक्के.

बटणांचंही तेच. रस्ता ओलांडायला खांबावरचं बटण आपण दाबतो, पुन्हा दाबतो, जोरात दाबतो. न्यूयॉर्कमध्ये अशी ३,२५० बटणं होती. त्यांतली २,५०० हून अधिक केव्हाच निकामी करून ठेवल्याचं २००४ मध्ये बाहेर आलं. सिग्नल संगणकाने ठरवलेल्या वेळेवर चालत होते, आणि बटणं काढण्याचा खर्च नको म्हणून तशीच ठेवली होती. लोक मात्र दाबतच होते. दाबून बरं वाटत असेल, दुसरं काय!

आता बस. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, बसच्या विषयाला ते शोभूनही दिसतं.

थांब्यावर आता पाटी असते: अमुक नंबर, दोन मिनिटं. मी एकदा अशा पाटीखाली उभी होते. दोन मिनिटं. बऱ्याच वेळाने पुन्हा पाहिलं, दोन मिनिटं. मग एक झालं, सगळ्यांनी पिशव्या उचलल्या, आणि पाटी पुन्हा दोनवर गेली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, पाटीकडे कशाला बघतेस? रस्त्याकडे बघ." थोड्या वेळाने त्या बसचा नंबरच पाटीवरून नाहीसा झाला. पाटीच्या हिशेबी बस येऊन गेली होती. आम्ही सगळे तिथेच.

गंमत अशी की, त्या पाटीमागची यंत्रणा भलतीच काटेकोर आहे. बस कुठे आहे ते कळतं जीपीएसच्या उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून, आणि हे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आइनस्टाइन यांच्या सापेक्षतेमुळे त्यांच्यावरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा फरक आधीच हिशेबात धरलेला असतो. धरला नाही, तर एका दिवसात जागेचा अंदाज १० किलोमीटरच्या आसपास चुकत जाईल. उंच इमारतींच्या गल्लीत हे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि बस शेजारच्या रस्त्यावर दिसते, ते वेगळं. पण समजा, अगदी बरोबर जागा कळली. तरी ते फक्त बस 'कुठे आहे' एवढंच झालं. 'कधी येईल' हे पुढचं सगळं अनुमान. सिग्नलला किती अडकेल, पुढच्या थांब्यावर किती जण चढतील, दारात उभं राहून कोण चौकशी करत बसेल, हे त्या उपग्रहाला काय ठाऊक?

आणि मग तो चिरंतन प्रश्न: एकही येत नाही, आणि येतात तेव्हा एकदम दोन-तीन कशा येतात? चालक मुद्दाम करतात, असा पुष्कळांचा समज आहे. गॉर्डन न्यूएल आणि रेन्फ्री पॉट्स या दोन अभ्यासकांनी १९६४ मध्येच याचं गणित मांडलंय. एक बस जराशी मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात. त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते, पुढे आणखी माणसं. तिच्या मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती पळत येऊन हिला गाठते. दोष कुणाचाच नसतो, अवस्था सगळ्यांची वाईट होते.

याचा फटका किती, तेही बघा. दर १० मिनिटांनी बस, असं वेळापत्रक आहे. त्या नेमाने आल्या, तर आपल्याला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल. पण जोडीजोडीने आल्या, म्हणजे एकदा २ मिनिटांनी आणि एकदा १८ मिनिटांनी, तर कागदावरची सरासरी १० मिनिटंच राहते. कार्यालयात सगळं आलबेल. आपण मात्र केव्हाही थांब्यावर गेलो तरी दहातल्या नऊ वेळा त्या १८ मिनिटांच्या खिंडारातच सापडणार, कारण मोठं तेच आहे. थांबण्याची सरासरी जाते ८ मिनिटांच्या वर. 'माझ्याच नशिबी नेहमी उशीर' असं वाटतं ना? नशीब कशाला, साधा भागाकार आहे.

म्हणून खच्चून भरलेली, उशिराने आलेली बस दिसली आणि फार घाई नसेल, तर तिच्या मागे नजर टाका. दुसरी बहुधा जवळच असते, आणि तिच्यात बसायलाही जागा मिळते. पाटीवाल्यांनीही पुढच्या बसबरोबर तिच्या मागची बस किती अंतरावर आहे, ते मोठ्या अक्षरात दाखवावं. काही ठिकाणी दाखवतात.

बसचं हे जुळं सोडवायचा एक चांगला उपाय म्हणजे मधल्या एखाद्या थांब्यावर बस थोडा वेळ मुद्दाम रोखून धरायची, म्हणजे दोन बसमधलं अंतर पुन्हा पडतं. पण आत बसलेल्यांना ते कोण सांगणार? रस्ता मोकळा, दारं बंद, आणि चालक स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलेला. मग मागून कुणीतरी ओरडतं, कुणी बसच्या अंगावर थाप मारतं, चालक आरशातून कटाक्ष टाकतो. 'पुढचा थांबा अमुक' सांगणारा आवाज तर प्रत्येक बसमध्ये बसवत चाललेत. 'अंतर राखायला दोन मिनिटं थांबलो आहोत', हे एक वाक्य त्याच्या तोंडी घालायला कुणाची हरकत आहे?

नमस्कार.