योकोहामातील ३९ क्रमांकाचे घर

श्रोतेहो,

जपानच्या रेल्वेस्थानकांवरील पाट्यांवर आणि जपानी नागरिकांच्या पारपत्रांवर गावांची व माणसांची नावे रोमन अक्षरांत ज्या पद्धतीने लिहितात, तिला 'हेपबर्न पद्धती' म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडले, ते अमेरिकन धर्मप्रसारक वैद्य डॉ. जेम्स कर्टिस हेपबर्न जपानच्या इतिहासात चांगलेच परिचित आहेत. त्यांच्या पत्नी क्लाराबाई मात्र त्या मोठ्या नावाच्या आड राहतात, आणि याचे मला फार वाईट वाटते. आज मी या दांपत्याच्या घराविषयी बोलणार आहे. क्लाराबाईंचे इंग्रजीचे वर्ग शाळेच्या इमारतीत नव्हे, राहत्या घरात सुरू झाले. आणि ते सुरू होण्यापूर्वी या घराने जपानी माणसांकडून बरेच काही शिकून घेतले होते. त्यांच्या अध्यापनाचे बळ या क्रमात होते, असे माझे मत आहे.

हेपबर्न पती-पत्नी १८५९ च्या ऑक्टोबरात कानागावा येथे उतरले, तेव्हा ते तरुण नव्हते. डॉक्टर ४४ वर्षांचे होते आणि क्लाराबाईंनीही चाळिशी ओलांडली होती. १८४० साली विवाह झाल्यावर ते सिंगापूर आणि चीनमधील आमॉय येथे राहून आले होते, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांचा व्यवसाय उत्तम चालला होता. काही मुले बालपणीच दगावली होती. हयात असलेला मुलगा सॅम्युएल याला अमेरिकेत शिक्षणासाठी ठेवून ही दोघे निघाली. लग्नापूर्वी क्लाराबाई शाळेत शिकवीत असत, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

अमेरिकेशी १८५८ साली झालेल्या तहाने परकीयांना आपल्या धर्माचे आचरण करण्याची मुभा दिली होती. जपानी माणसाला मात्र ख्रिस्ती होण्याची सक्त मनाई होती आणि ती सांगणारे सरकारी फलक गावोगावी उभे होते. आपल्याकडची परिस्थिती आठवली, तर हा फरक ठळकपणे जाणवेल. स्कॉटिश धर्मप्रसारक जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ साली मुंबईत आले, त्यानंतर विल्सनसाहेब हिंदू, पारशी आणि मुसलमान पंडितांशी जाहीर वाद घालू शकले. कानागावात तसे काही करणे म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे होते. ही भीती कल्पनेतली नव्हती: नागासाकीजवळच्या उराकामी येथील तीन हजारांहून अधिक गुप्त ख्रिस्ती लोकांना १८६८ पासून हद्दपार करण्यात आले. तेव्हा धर्मप्रसारकाला तीनच कामे मोकळी होती: रोग्यांवर उपचार करणे, स्वतः भाषा शिकणे आणि कोणी मागितले तर शिकवणे.

त्यांना राहायला मिळाले ते जोबुत्सुजी नावाचे बौद्ध मंदिर. मुख्य सभामंडपात आडोसे उभारून खोल्या केल्या होत्या. एका ख्रिस्ती कुटुंबाची जपानमधली पहिली घरगुती प्रार्थना बुद्धमंदिराच्या छपराखाली झाली, याचा मला राहून राहून विचार करावासा वाटतो. कागदी सरकत्या दारांतून थंडी आत येई आणि जपानी घरात ऊब होती ती निखाऱ्यांच्या शेगडीची. त्याहून मोठा बदल होता वेळेचा. तेव्हाच्या जपानात सूर्योदय ते सूर्यास्त असे दिवसाचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग मानत. म्हणजे आपल्या प्रहरांप्रमाणेच, उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांबे आणि हिवाळ्यात आखूड होई. महिने चांद्र होते. कामकाजात सात दिवसांचा आठवडा नव्हता, त्यामुळे रविवार हा इतरांच्या दृष्टीने कोणताही एक दिवस होता. पाश्चात्त्य दिनदर्शिका १ जानेवारी १८७३ रोजी आली आणि सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी १८७६ पासून मिळू लागली. ज्या कुटुंबाचा सारा आठवडा रविवारभोवती बांधलेला, त्याने सतरा वर्षे आपला रविवार अशा शेजारात एकट्याने पाळला. परदेशी राहणाऱ्याला परकेपणा जाणवतो तो मोठ्या प्रसंगांत कमी आणि अशा दिनमानाच्या रचनेत अधिक, असे मला वाटते.

डॉक्टरांनी १८६१ साली जवळच्या सोकोजी मंदिरात दवाखाना उघडला. काही महिन्यांतच रोग्यांची इतकी रीघ लागली, की अधिकाऱ्यांनी तो बंद करायला लावला. पण त्या काळात त्यांनी रोगी तपासता तपासता त्यांचे शब्द टिपून घेतले. दुखणे सांगताना शेतकरी कसा बोलतो, कोळी कसा बोलतो, सामुराई कसा बोलतो, हे कोणत्याही ग्रंथात मिळणारे नव्हते. पुढे १८६७ साली त्यांचा जपानी-इंग्रजी कोश निघाला, त्यात वीस हजारांहून अधिक शब्द होते. आधीच्या कोशांची मदत तुटपुंजी असल्यामुळे आपली मुख्य भिस्त जिवंत शिक्षकांवर होती, असा निर्वाळा त्यांनी प्रस्तावनेतच दिला आहे. अशा शिक्षकांपैकी किशिदा गिन्को हे १८६४ साली डोळ्यांच्या विकारासाठी आले, बरे झाले आणि कोशाच्या कामातले सोबती बनले. जपानी आणि रोमन अक्षरे एकत्र जुळवून असा ग्रंथ छापण्याची सोय तेव्हा जपानात नसल्यामुळे डॉक्टर आणि गिन्को शांघायला गेले व तेथील मिशनच्या छापखान्यात मुद्रिते तपासत राहिले. डॉक्टरांनी दिलेल्या कृतीवरून गिन्कोंनी पुढे डोळ्यांचे औषध तयार करून विकले आणि वृत्तपत्रकार म्हणूनही नाव कमावले.

१८६२ च्या अखेरीस हेपबर्न कुटुंबाने योकोहामाच्या परकीय वसाहतीतील ३९ क्रमांकाच्या जागेत घर केले. तो काळ बिकट होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नामामुगी गावाजवळ सात्सुमा संस्थानाच्या सामुराईंनी एका इंग्रज व्यापाऱ्याला ठार केले होते आणि त्याच्या जखमी सोबत्यांवर डॉक्टरांनीच उपचार केले होते. याच सुमारास शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने काही निवडक तरुण त्यांच्याकडे शिकायला पाठवले, त्यांत पुढे जपानच्या आधुनिक सैन्याचा पाया घालणारे ओमुरा मासुजिरो होते. हे विद्यार्थी गणितात आधीच बरीच मजल मारून आलेले पाहून डॉक्टर चकित झाले. त्यांना हवी होती ती भाषा.

मध्यंतरी अमेरिकेला जाऊन आलेल्या क्लाराबाईंनी १८६३ साली घरातच इंग्रजीचा वर्ग उघडला. 'हेपबर्न यांची शाळा' या नावाने तो इतिहासात नोंदला गेला असला, तरी मुलांना रोज समोर बसवून शिकवणाऱ्या होत्या क्लाराबाई. पहिल्या विद्यार्थ्यांत हायाशी तादासु हा तेरा वर्षांचा मुलगा होता. तो १८६६ साली शिक्षणासाठी इंग्लंडला गेला. १९०२ साली इंग्लंड आणि जपान यांच्यात मैत्रीचा करार झाला तेव्हा त्यावर जपानच्या वतीने सही करणारे लंडनमधील राजदूत ते हेच. दुसरा विद्यार्थी ताकाहाशी कोरेकियो. सेंदाई संस्थानाने त्याला योकोहामाला धाडले, तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता आणि सांभाळायला आजी सोबत होती. १८६७ साली तो अमेरिकेला गेला, तिथे फसवणुकीने वेठीच्या करारात अडकला, त्यातून सुटून परतला. रशियाशी युद्ध चालू असताना १९०४-०५ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कच्या सावकारी पेढ्यांकडून जपानसाठी कर्ज उभारण्याची कामगिरी त्याच ताकाहाशींनी केली. १९२१ साली ते पंतप्रधान झाले, आणि १९३६ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री असताना बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांची हत्या केली.

धर्मप्रसारकांचे इंग्रजी हे केवळ आमिष होते, असा आक्षेप घेतला जातो. या दांपत्याची श्रद्धा उघड होती आणि आपल्या विद्यार्थ्यांनी ख्रिस्ताला ओळखावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती; त्यात लपवण्यासारखे त्यांना काही वाटत नव्हते. परंतु आमिष टाकणारा फळाची वाट पाहतो आणि फळ येत नाही असे दिसताच गळ गुंडाळतो. मनाईचे फलक १८७३ च्या फेब्रुवारीत निघेपर्यंत, म्हणजे वर्ग सुरू होऊन जवळजवळ दहा वर्षे, बाप्तिस्मा घेणे हा विद्यार्थ्यासाठी अपराध होता, आणि त्या काळातही क्लाराबाई शिकवीत राहिल्या. मुलांना हवे होते ते बंदुका, जहाजे आणि तह समजून घेण्याचे साधन. बाईंना द्यायचे होते ते त्यांच्या लेखी त्याहून मोठे होते. दोघांनाही हे ठाऊक होते आणि तरीही रोजचा धडा प्रामाणिकपणे चालला, याबद्दल मला नितांत आदर वाटतो.

आमिषाच्या आक्षेपाला मुलींच्या शिक्षणातही उत्तर सापडते. मुलांपाठोपाठ काही मुलीही या घरी येऊ लागल्या. बंदुका आणि तह यांसाठी त्यांना धाडणारे कोणतेही संस्थान नव्हते. मेरी किडर नावाच्या अमेरिकन शिक्षिका १८७० साली योकोहामाला आल्या, तेव्हा क्लाराबाईंनी आपले विद्यार्थी त्यांच्या हाती सोपवले आणि हेपबर्नांच्या दवाखान्याच्या जागेत वर्ग भरू लागला. तोच पुढे केवळ मुलींची शाळा झाला, १८७५ साली टेकडीवरच्या यामाते भागात स्वतःच्या इमारतीत गेला, आणि आज 'फेरिस' या नावाने विद्यापीठाच्या रूपात चालू आहे. संस्थापक म्हणून किडरबाईंचे नाव घेतले जाते ते योग्यच आहे. तथापि वर्षानुवर्षे जमवलेला वर्ग दुसरीच्या स्वाधीन करण्यास जे मोठे मन लागते, तेही संस्थेच्या इतिहासात लिहिले जावे.

मुलांची शाखा टोकियोत जाऊन इतर मिशनशाळांशी मिळाली आणि तिच्यातून मेइजी गाकुइन हे विद्यालय उभे राहिले; डॉक्टर १८८९ साली त्याचे पहिले अध्यक्ष झाले. कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीचे हक्क मारुझेन या प्रकाशन-संस्थेला विकून आलेले पैसे त्यांनी तेथील वसतिगृहासाठी दिले. डॉक्टर आणि त्यांचे सहकारी ज्या भाषांतरासाठी झटले, त्या जपानी बायबलचा नवा करार १८८० साली पूर्ण झाला आणि १८८८ साली संपूर्ण बायबल वाचकांच्या हाती आले.

क्लाराबाईंची प्रकृती ढासळल्यामुळे १८९२ साली दोघांनी जपान सोडले. त्या १९०६ साली आणि डॉक्टर १९११ साली अमेरिकेत वारले. मेइजी गाकुइनच्या ग्रंथालयाने कोशाच्या आवृत्त्या आता संगणकावर पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. आपल्यापैकी जे जपानला शिकवायला किंवा शिकायला जाणार असतील, त्यांनी त्यातली १८६७ ची प्रस्तावना अवश्य वाचावी. आणि योकोहामाला गेलात तर ३९ क्रमांकाच्या जागी डॉक्टरांचे स्मारक आहे, तेथे क्लाराबाईंच्या वर्गाचीही चौकशी करावी.