मांडा फाटतो तेव्हा

(चुलीवर उपडं खापर. हातांवर झुलणारा मांडा.)

धुळे जिल्ह्यातलं एक गाव. आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खापर तापलंय. फुईच्या, म्हणजे आत्याच्या, हातांवर पुरण भरलेला मांडा झुलतोय. मनगटावरून कोपराकडे सरकतोय, दर झोक्याला मोठा होतोय. आणि एका झटक्यात खापरावर! एक सुरकुती नाही.

आता भाचीची पाळी. पहिला फाटला. दुसराही. पुरण थेट चुलीत.

"काय घाई शे तुले?" फुई एवढंच म्हणते. हात नेमका कसा फिरवायचा, ते तिला सांगता येत नाही. खरंच येत नाही.

हा सराव साठतो मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, अनुमस्तिष्कात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. त्यातल्या जवळपास ६,९०० कोटी या एवढ्याशा जागेत दाटीवाटीनं बसल्यात.

इथली पुर्किन्ये पेशी बघा. पंख्यासारखी पसरलेली. लाखाहून जास्त बारीक तंतू तिला येऊन भिडतात आणि बातम्या देतात: मनगट कुठे आहे, पीठ किती ओढतंय. या गर्दीत एक तंतू मात्र निराळा, वेलीसारखा पेशीला वेढून बसलेला. शास्त्रज्ञ मानतात, चूक झाली की बोंब मारायचं काम त्याचं. मांडा फाटला, हा ओरडला. आणि त्या क्षणी तंतू आणि पेशीमधले जे जोड बोलत होते, त्यांचा आवाज बारीक झाला. १९८२ मध्ये जपानच्या मासाओ इतो यांनी जोड असे दुबळे पडताना दाखवले. शिकलं की जोड पक्के होतात, एवढंच आपण ऐकलेलं असतं. इथे काम उलटं. जळगावकडे केळीची नको असलेली पिलं काढतात, तसं काहीसं. फक्त विळा नाही.

आणि फुईला सांगता का येत नाही? अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी टिकवणाऱ्या जागेचा, बराच भाग १९५३ मध्ये शस्त्रक्रियेनं काढला. नवी आठवण टिकेना. तरी मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा तीन दिवसांत हात सफाईनं चालू लागला. आदल्या दिवशी गिरवलं होतं, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. हाताची आठवण वेगळी, सांगता येणारी वेगळी.

(पुन्हा चूल.)

सहावा मांडा. कडा जाड, मधोमध भोक. पण खापरावर पोचला. भाजून तो भावाच्या ताटात जातो. भाऊ आमरसात बुडवून निमूट खातो. फुईनं पुढचा गोळा भाचीच्या हातावर ठेवलाय.