गंधकाची पूड आणि थायोफीनचं वलय

[दृश्य: परीक्षानळीत गडद निळा रंग पसरतो]

झुरिक, 1882. रसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर वर्गात बेन्झीनची हुकमी परीक्षा दाखवतात. आयसॅटिन आणि सल्फ्युरिक आम्ल घातलं की निळा रंग यायचाच. त्या दिवशी तो आला नाही. दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेल्या नेहमीच्या बेन्झीनऐवजी मदतनीस सँडमायरने बेन्झोइक आम्लापासून केलेलं शुद्ध बेन्झीन दिलं होतं. म्हणजे रंग बेन्झीनचा नव्हताच! तो होता थायोफीनचा: चार कार्बन आणि एक गंधक मिळून झालेलं वलय. बेन्झीन 80 अंशांना उकळतं, थायोफीन 84 ला. ऊर्ध्वपातनात दोघं सोबतच बाहेर पडायचे.

पण असं वलय हवं तसं बांधायचं कसं? जुनी वाट गंधक पुरवणाऱ्या संयुगांची: आधी फॉस्फरस पेंटासल्फाइड, नंतर लॉसन अभिकर्मक. काम चोख, पण वास असा की काचसामान हूडबाहेर (वायू ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) काढलं की शेजारच्या लॅबमधून कुणीतरी चौकशीला येणारच.

[दृश्य: फ्लास्कमध्ये पडणारी पिवळी पूड]

1966 साली पूर्व जर्मनीत कार्ल गेवाल्ड यांनी चक्क गंधकाची पूड वापरली. गंधकाचे आठ अणू वलयात बसलेले असतात. अमाइन या नायट्रोजनयुक्त संयुगामुळे ते वलय फुटतं, साखळी कार्बनला चिकटते, तिचे जास्तीचे अणू गळतात आणि उरलेला एक अणू नायट्राइलवर (कार्बन-नायट्रोजनच्या तिहेरी बंधावर) वळून नवं वलय बंद करतो. स्किझोफ्रेनियावरच्या ओलान्झापिनमधलं थायोफीन याच पद्धतीने, एकाच फ्लास्कमध्ये करता येतं. मात्र गेवाल्डच्या वलयावर नायट्रोजनचा अमिनो गट ठरलेला. नको असला तरी येतोच.

2014 मध्ये वुहान विद्यापीठातल्या गटाने वेगळी वाट दाखवली. गंधकाला तीव्र अल्कली भेटला की तीन गंधकांचा ऋण मूलक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना असलेला ऋणभारित कण, तयार होतो. लाजवर्दाच्या खड्याला निळाई देतो, तोच हा. त्यांनी तो असे एकटे इलेक्ट्रॉन हेरणाऱ्या ईपीआर यंत्रावर टिपला आणि दोन तिहेरी बंधांच्या डायआइनवर सोडून थायोफीन मिळवलं.

[दृश्य: रिफायनरीबाहेर गंधकाचे ढीग]

कच्चा माल मुबलक आहे. बीएस-6 इंधनात गंधक 10 पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणून रिफायनऱ्या तो काढत राहतात. गंमत अशी, की खनिज तेलातला बराच गंधक थायोफीनच्याच जातीच्या वलयांत अडकलेला असतो. तिथे वलयं फोडायची, इथे त्याच गंधकाची बांधायची.

अडचण उरते ती शेवटी. न वापरलेला गंधक तयार मालाबरोबर शुद्धीकरणाच्या कॉलममधून उतरतो आणि पुढच्या पायरीत पॅलेडियम असेल, तर तो उत्प्रेरकच निकामी करतो.